घरबांधणी, रान आणि पक्षी : ‘भरपाई’ या शब्दाची पार्श्वभूमी

वस्तीसाठी रान तोडले की पक्षी जातात, यावर दुमत नव्हतेच. वाद आहे तो हिशेबाचा. १९६७मध्ये बेटांवरील प्रजातींच्या संख्येविषयीचा सिद्धांत मांडला गेला, तेव्हापासून घरांच्या वेढ्यात उरलेल्या रानालाही बेट मानले जाऊ लागले. उपमा अर्धीच लागू पडते. बेटाभोवती पाणी असते. रानाभोवती मांजरे, दिवे आणि काचेच्या खिडक्या.

ब्राझीलमध्ये मानाउसजवळ १९७९पासून १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे राखून मोजणी सुरू झाली. तोड झाल्यावर तुकड्यांतले पक्षी आधी वाढले, कारण आसपासचे विस्थापित तिथे गोळा झाले. उतरण नंतर लागली. १०० हेक्टरमधूनही झाडोऱ्याच्या खालच्या थरातल्या निम्म्या प्रजाती पंधरा वर्षांच्या आत गेल्या. बांधकाम संपताच केलेली पाहणी म्हणूनच फसवी ठरते.

तोडलेल्या क्षेत्रापेक्षा काठ जास्त महाग पडतो. ४०० मीटर बाजूचे चौरस रान म्हणजे १६ हेक्टर. ऊन-वारा ५० मीटर आत शिरतो असे धरले, तर गाभा ९ हेक्टर उरतो. मधून २० मीटरचा रस्ता काढला की झाडी जाते ०.८ हेक्टर, गाभा मात्र ५.४ हेक्टरवर येतो. कागदावर तोड पाच टक्के, गाभ्यातल्या पक्ष्यांसाठी चाळीस.

सगळा गोंधळ ‘भरपाई’ या शब्दात आहे, म्हणजे इथे नष्ट केलेल्या निसर्गाच्या बदल्यात दुसरीकडे तो उभा करून देणे. जर्मनीने १९७६च्या निसर्गसंरक्षण कायद्यात ती आणली. अमेरिकेत १९८०च्या दशकाअखेर पाणथळ जमिनींसाठी ‘निव्वळ घट शून्य’ हे उद्दिष्ट ठरले. तिथे निदान क्षेत्र आणि कार्य मोजता येत होते. झाडांपाशी आल्यावर अनेक ठिकाणी उरली ती फक्त संख्या : तोडलेल्या एका झाडाला तीन रोपे, कुठे दहा. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४पासून अधिवासाचा प्रकार, दर्जा आणि क्षेत्र धरून काढलेल्या निसर्गमूल्यात १० टक्के वाढ आणि ती ३० वर्षे राखणे बांधकामांना बंधनकारक झाले. जुनी वने मात्र भरून न येणारी म्हणून या गणिताबाहेर ठेवली आहेत. हा अपवादच खरे तर सगळ्यात प्रामाणिक भाग. ढोली धरायला खोड जाड व्हावे लागते, आतून कुजावे लागते. रोपांना त्यासाठी अनेक दशके लागतात. ढोलीऐवजी टांगलेली ३२ मिलिमीटर भोकाची लाकडी पेटी चिमणीला चालते, घुबडाला नाही. शिवाय पातळ फळ्यांची पेटी उन्हात ढोलीपेक्षा कितीतरी जास्त तापते.

‘राखलेल्या’ झाडांचा हिशेबही तपासावा. ब्रिटिश मानकानुसार १.५ मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजून त्याच्या १२ पट त्रिज्येत जमिनीला धक्का लावायचा नसतो. ६० सेंटिमीटरच्या खोडाला ७.२ मीटर. कुंपण बहुधा खोडाला खेटून घातले जाते आणि उरलेल्या जागेत खडीचे डंपर फिरतात. बहुतेक मुळे वरच्या ६० सेंटिमीटर मातीत असतात. माती दबली की त्यांना हवा मिळत नाही. शेंडा वाळायला काही वर्षे जातात. तोवर ते झाड ‘वाचवलेली झाडे’ या रकान्यात मोजून झालेले असते.