एका पत्त्यावरची अनेक बिऱ्हाडं

पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांची वेबसाइट बाहेरून एक दिसते, आत मात्र चार-पाच बिऱ्हाडं नांदत असतात. सूचना नि फोटो वर्डप्रेसवर, वर्गाचं काम मूडलवर, ग्रंथालयाची सूची कोहावर, आणि फी व हॉस्टेलसाठी वेगवेगळ्या व्हेंडरांनी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून दिलेली ॲप्लिकेशन्स. ॲडमिशनच्या दिवसांत प्रत्येक दाराशी वेगळा पासवर्ड विचारला जातो, पालक ऑफिसात फोन करून भंडावून सोडतात, आणि मग फर्मान निघतं: ‘सगळं एकाच साइटवर आणा.’

अडचण अशी, की ही मंडळी एकमेकांना ओळखतच नाहीत. कोहा लिहिलं गेलं न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर टिकणारी नव्हती. मूडल मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात उभं केलं, त्याची पहिली आवृत्ती २००२ची. वर्डप्रेस २००३मध्ये आलं ते ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी. शेजारी आणखी कुणी राहायला येईल असं यांतल्या कुणीच धरलं नव्हतं. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८मध्येच मांडलं होतं, की संस्थेतली माणसं जशी आपसात बोलतात तशीच तिची प्रणाली घडते. ग्रंथपाल, अकाउंट्स आणि हॉस्टेलचे रेक्टर वर्षभर एका टेबलाशी बसत नसतील, तर त्यांची सॉफ्टवेअर्स तरी कशी बसणार?

पहिला तोडगा ब्राउझरमधून आला. १९९६च्या नेटस्केप नेव्हिगेटर २.०मध्ये फ्रेम्स मिळाल्या: डावीकडे मेनू, उजवीकडे हवं ते पान. दिसायला साइट एक, पण वरच्या पट्टीत पत्ता कायम पहिल्याच पानाचा, त्यामुळे आतलं पान बुकमार्क करायची सोय नाही. त्याच सुमारास ब्राउझरने एक कुंपणही घातलं. एका पत्त्यावरून आलेल्या जावास्क्रिप्टला दुसऱ्या पत्त्यावरच्या पानात डोकावायला बंदी झाली. नंतरची निम्मी कटकट या कुंपणामुळेच आहे, तरी ते घातलं हे बरंच झालं. नाहीतर कुठल्याही फालतू साइटने शेजारच्या खिडकीतलं तुमचं बँकेचं पान वाचलं असतं. या फ्रेम्स मांडणारा फ्रेमसेट एचटीएमएल ५ या वेबपानांच्या प्रमाणात, म्हणजे २०१४ साली, कालबाह्य ठरला. त्याचं धाकटं भावंड आयफ्रेम, म्हणजे पानाच्या आत दुसरं पान दाखवणारी चौकट, मात्र तगून राहिलं.

मधल्या काळात पोर्टलांची, म्हणजे अनेक ॲप्लिकेशन्स एका पानावर मांडणाऱ्या साइटची, हवा होती. २००३मध्ये जावा या भाषेवाल्यांनी पोर्टलेटचं, म्हणजे अशा पानातल्या तुकड्याचं, प्रमाण ठरवलं, जेएसआर १६८. ॲप्लिकेशनने अख्खं पान न देता तुकडा द्यायचा, मांडणी पोर्टल करणार. पण त्यासाठी मूळ ॲप्लिकेशन नव्याने लिहायला हवं, आणि पर्ल या दुसऱ्याच भाषेतल्या कोहाला जावाच्या प्रमाणाचं काय सोयरसुतक?

कामाचा ठरला तो सर्व्हरवरचा मार्ग, रिव्हर्स प्रॉक्सी: दाराशी एकच सर्व्हर, तो आलेली विनंती आतल्या योग्य मशीनकडे धाडतो. अपाची हा वेब सर्व्हर हे काम आधीपासून करत होता; २००४मध्ये इगोर सिसोएव यांनी एनजिनएक्स हा दुसरा सर्व्हर खुला केला आणि ते आणखी हलकं झालं. डोमेन एकच, ‘/ग्रंथालय’ने सुरू होणारी विनंती कोहाच्या मशीनकडे, ‘/फी’ची दुसरीकडे. कागदावर इतकं सरळ. प्रत्यक्षात प्रत्येक ॲप्लिकेशनला वाटत असतं की डोमेनच्या मुळाशी आपणच बसलोय, म्हणून त्याच्या लिंका भलतीकडे जातात.

त्याहून चिवट भानगड कुकीची, म्हणजे लॉगिन केलेला माणूस ओळखू यावा म्हणून साइट ब्राउझरकडे ठेवते त्या चिठ्ठीची. वेगळं काही सांगितलं नाही, तर पीएचपी सेशनच्या (म्हणजे त्या लॉगिनच्या बैठकीच्या) कुकीला कायम ‘पीएचपीसेसआयडी’ हेच नाव देतं, आणि ती डोमेनवरच्या सगळ्या पाथना, म्हणजे ‘/फी’सारख्या सगळ्या पत्त्यांना, लागू करतं. विद्यार्थी फीच्या पानावर लॉगिन करतो, मग हॉस्टेलचा फॉर्म उघडून तिथे लॉगिन करतो. हॉस्टेलचं ॲप्लिकेशन सुरक्षिततेसाठी सेशनला नवा क्रमांक देतं, तो त्याच नावाच्या कुकीत जाऊन बसतो, आणि फीच्या पानावर परत यावं तर पुन्हा लॉगिन! कुकीला वेगळं नाव आणि वेगळा पाथ द्या, दोन ओळींत प्रश्न मिटतो. त्या दोन ओळी सापडेपर्यंत दोन्ही व्हेंडर एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.

म्हणून पानं एकत्र दिसणं हे यातलं सोपं काम, असं माझं मत. खरं काम आहे ते ‘हा कोण’ हे एकदाच विचारून सगळ्यांना कळवणं. गंमत म्हणजे हा प्रश्न विद्यापीठांनीच आधी हातात घेतला, कारण दुखणं त्यांचंच होतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सीएएस तयार झालं: पासवर्ड एकाच ठिकाणी द्यायचा, बाकी ॲप्लिकेशन्सना फक्त एकदाच चालणारं तिकीट मिळतं. पुढे ओळख कळवण्याची प्रमाणं ठरली: २००५मध्ये एसएएमएल २.० आणि २०१४मध्ये ओपनआयडी कनेक्ट. आपल्याकडे इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राने शिबोलेथ हे अशाच कामाचं सॉफ्टवेअर वापरून ‘इन्फेड’ उभं केलं, त्यातून कॉलेजच्याच ओळखीवर ई-जर्नल्स उघडतात. मूडल आणि कोहा दोघांनाही सीएएस समजतं. अडतं ते व्हेंडरच्या पीएचपीशी.

२०१६मध्ये थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या टेक्नॉलॉजी रडार या अहवालात मायक्रो फ्रंटएंड्स आले, म्हणजे एका पानाचे तुकडे वेगवेगळ्या टीमनी स्वतंत्र बनवायचे; २०२०च्या वेबपॅक ५ या साधनाने असे तुकडे जोडायला मॉड्यूल फेडरेशन दिलं. इथे पुण्यातही प्रॉडक्ट कंपन्यांत त्यावर भरपूर चर्चा झडतात. ज्यांच्याकडे दहा टीम एकाच पानावर काम करतात त्यांच्यासाठी ते ठीक. कॉलेजात सिस्टिम सांभाळायला मोजून एक माणूस असतो, तोही अधूनमधून प्रोजेक्टर दुरुस्त करतो.

दरम्यान ब्राउझर आणखी कडक झाले. पारदर्शक फ्रेम वर ठेवून क्लिक पळवण्याचे प्रकार २००८मध्ये चव्हाट्यावर आले, आणि आपलं पान परक्या फ्रेममध्ये उघडू न देण्याची सोय पुढच्याच वर्षी इंटरनेट एक्सप्लोरर ८ने दिली. मार्च २०२०मध्ये सफारीने परक्या साइटच्या कुकीज सरसकट बंद केल्या. भलत्या डोमेनवरचं मूडल आयफ्रेममध्ये चिकटवलं असेल, तर आयफोनवर पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचंच पान पुन्हा समोर येतं.

पैसे भरण्याचं पान मात्र या सगळ्यातून वगळलेलं असतं, आणि तसंच असावं. कार्डाचा क्रमांक ज्याच्या सर्व्हरवरून जातो त्याला पीसीआय डीएसएसचे, म्हणजे कार्डाच्या माहितीच्या सुरक्षेचे, नियम लागू होतात, ते कॉलेजला झेपणारे नाहीत. ‘सगळं एकाच साइटवर’ म्हणणाऱ्या ऑफिसला एवढं एक पान बाहेर का, हे दरवर्षी नव्याने समजावावं लागतं.