बाटलीतलं लाल सोनं स्लाइडवर जांभळं का पडतं?

(सोन्याच्या नॅनोकणांचं कलिल, म्हणजे पाण्यात तरंगणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण, आणि लेप दिलेल्या स्लाइड आमच्याकडून नेणाऱ्या कॉलेजांसाठी व प्रयोगशाळांसाठी)

एमएस्सीचे प्रोजेक्ट रंगात आले की कुपवाडच्या आमच्या शेडमधला फोन एकाच तक्रारीसाठी वाजतो. "माल खराब आलाय. बाटलीत लालभडक होता, काचेवर जांभळा झाला." बाटली परत येते, आम्ही तपासतो, प्रकाश-शोषणाच्या आलेखाचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास जिथं असायला हवं तिथंच असतं. यात तुमचा आठवडा जातो आणि आमचाही. म्हणून हे लिहून बाटलीसोबत देतोय.

सोनं लाल कसं, हे विज्ञान शाखेच्या मंडळींना सांगायला नको. (खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, पाहुणे आले की मात्र पहिला प्रश्न हाच असतो.) २० नॅनोमीटरच्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकदम मागंपुढं हेलकावतात, हिरवा प्रकाश शोषला जातो आणि लाल उरतो. याचं गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) यांनी १९०८ मध्येच मांडलं. ध्यानात ठेवायचं ते पुढचं : या हेलकाव्याचं विद्युतक्षेत्र कणाबाहेरही पसरतं, साधारण कणाच्या त्रिज्येइतकं. तेवढ्या अंतरात जे काही येईल, ते रंगात हात घालणार.

काच जवळ आली तर काय होतं? फार काही नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हवेचा १. कण पाण्यातून हवेत आला की शिखर निळ्या बाजूला सरकतं. खालची काच, अपवर्तनांक १.५२, ते तांबड्या बाजूला ओढते. दोन्हींची वजाबाकी होऊन थोड्याच नॅनोमीटरचा फरक उरतो, डोळ्याला तो कळतही नाही. तेव्हा तुमच्या आलेखात ६००-६५० कडे रुंद फुगवटा दिसत असेल तर काचेला दोष देऊ नका. तो शेजारच्या कणाचा प्रताप आहे. दोन कण जवळजवळ चिकटले की त्यांचे हेलकावे एकमेकांत गुंततात आणि शिखर पार तांबड्याकडे जातं. म्हणून डोळ्याला रंग जांभळा-निळा दिसतो.

आणि कण चिकटतात कशानं? थेंब वाळवल्यानं. शंभरातल्या नव्वद तक्रारींचं मूळ हेच, असं आम्ही बिनधास्त म्हणू. थेंब स्लाइडवर ठेवून पंख्याखाली सोडला, की पाणी कडेकडेनं उडतं, कण कडेला ढकलले जातात आणि बशीत सांडलेला चहा वाळावा तसं गडद वलय उमटतं. शिवाय पाणी कमी होईल तसे उरलेले क्षार दाट होतात आणि कणांना लांब ठेवणारा, त्यांच्यावरच्या सायट्रेटच्या आवरणाचा ऋणभार निकामी होतो. मिठानं लाल द्रव निळा पडतो हे मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये नोंदवून ठेवलंय. बोअरच्या पाण्यानं पातळ केलं तरी तेच होईल. एकदा चिकटलेले कण वर पाणी घालून सुटत नाहीत.

अमिन-सिलेनचा (काचेला चिकटणाऱ्या, धनभार देणाऱ्या रसायनाचा) लेप दिलेली आमची स्लाइड याचसाठी आहे. लेपाचा धनभार ऋणभारित कणांना एकेक करून धरतो, आणि धरलेले कण एकमेकांना अंतरावर ठेवतात. स्लाइड कलिलात उभी बुडवा, दोनेक तास ठेवा (रात्रभर राहिली तरी चालेल), बाहेर काढल्या काढल्या डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, मगच वाळवा. धुण्याआधी वाळवलीत तर वर राहिलेला थेंब पुन्हा जांभळा डाग पाडणार, आणि तुम्ही पुन्हा फोन करणार. लेपाच्या बाजूला बोट लावू नका. रंग फिकट गुलाबीच येईल. कणांचा एकच थर असतो, शोषण ०.१ च्या आसपास. यात "चढलं नाही" असं काही नाही. ब्लँकला (तुलनेच्या कोऱ्या मोजणीला) लेपाची कोरी स्लाइड लावा, साधी नको.

सोन्याच्या पातळ फिल्मवर कण बसवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथं एक-दोन नॅनोमीटरच्या फटीत प्रकाश कोंडला जातो आणि एकटा कणसुद्धा तांबड्याकडे सरकतो. तो परिणाम खराच असतो. मात्र प्रकाश सरळ वरून टाकून तो नीट दिसत नाही, तिरपा टाकावा लागतो. असं काम असेल तर ऑर्डर देण्याआधी बोला.

"एवढ्याशा सोन्याला एवढे पैसे?" हेही ऐकतो. १०० मिलीच्या बाटलीत सोनं जेमतेम ५ मिलिग्रॅम, कबूल. पैसे सोन्याचे नाहीत, कण एका मापाचे काढण्याचे आणि प्रत्येक बॅचचा आलेख काढून सोबत देण्याचे आहेत.

बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नको. गोठलेला माल बदलून मिळणार नाही. तक्रार असेल तर बाटलीतल्या द्रवाचा क्युव्हेटमधला (मोजणीच्या पारदर्शक चौकोनी नळीतला) आलेख आणि पांढऱ्या कागदासमोर धरलेल्या बाटलीचा फोटो पाठवा, वाळलेल्या स्लाइडचा नको. प्रत्येक बॅचचा सीलबंद नमुना आमच्याकडे असतो, त्याच्याशी ताडून पाहू. दोष आमचा निघाला तर बाटली आमच्या खर्चानं येईल.