चिखलात दडलेला फुलोरा

पाणथळीवर पोचलं की सगळ्यांच्या दुर्बिणी आधी पक्ष्यांकडे वळतात. मी म्हणेन, क्षणभर काठावरचा चिखल बघा. तिथला रानफुलांचा बहर आणि पक्ष्यांची गर्दी, दोन्हींचं मूळ त्या चिखलातच आहे.

चार्ल्स डार्विनने एका लहानशा तळ्याच्या काठाजवळून, पाण्याखालचा तीन मोठे चमचे चिखल काढला. वाळल्यावर तो भरला जेमतेम १९० ग्रॅम. सहा महिने झाकून ठेवला आणि उगवेल ते रोप उपटत, मोजत गेला. कपभर चिखलातून ५३७ रोपं निघाली! १८५९ साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये त्याने हे नोंदवून ठेवलंय.

पाण्याखाली अंधार असतो, प्राणवायू कमी आणि तापमान जवळजवळ स्थिर. अशात कित्येक बिया वर्षानुवर्षं निजून राहतात. पाणी ओसरलं की चिखलावर ऊन पडतं, तो दिवसा तापतो, रात्री गार होतो. हा चढउतार हीच अनेक बियांना जागं करणारी खूण. म्हणूनच पाणी जसजसं मागे हटतं, तसतसा हिरवा पट्टा त्याच्या पाठोपाठ आत सरकतो आणि पुढे फुलतो.

नेमक्या त्याच उघड्या काठावर पाहुणे पक्षी उतरतात. उंच पायांचा शेकाट्या थोड्या खोल पाण्यात, तुतारी अगदी कडेला. पाणलावा तर लांब चोच मऊ चिखलात पार मुळापर्यंत खुपसतो. आत काही दिसणं शक्यच नाही. पण चोचीच्या टोकाशी बारीक खळगे असतात आणि त्यांत स्पर्श टिपणाऱ्या चेतातंतूंची टोकं. अळी लागली की बाकीची चोच मिटलेलीच ठेवून तो फक्त टोक उघडतो आणि तिला धरतो. इतकं नाजूक हत्यार मला दुसरं माहीत नाही.

बदकं बिया खातात, त्यातल्या काही न पचता विष्ठेतून बाहेर पडतात. काही पायांच्या चिखलाला चिकटून जातात. डार्विनला तो चिखल दाखवायचा होता तो याचसाठी. एका पाणथळीतलं फूल दूरच्या दुसऱ्या पाणथळीत उगवतं ते असं.

म्हणून राखीव पाणथळ बारमाही काठोकाठ भरून ठेवणं मला चुकीचं वाटतं. पाणी उतरायला हवं, पण हळूहळू. एकदम उपसलं तर चिखल वाळून कडक होतो आणि पाणलाव्याची चोच त्यात शिरत नाही.