नावात रेल्वे, मालक ब्रुअरी

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात रूळ कधीच उखडलेले असतात, पण स्टेशनच्या वाटेवर विटांची दुमजली इमारत उभी असते आणि तिच्या भिंतीवर ‘रेल्वे हॉटेल’ ही अक्षरं अजून वाचता येतात. म्हणजे रेल्वे कंपनीनेच बांधलेली, असं समजून माणूस मोकळा होतो. बहुतेक वेळा ते चूक असतं. रेल्वे कंपनीचं हॉटेल वेगळं आणि ‘रेल्वे हॉटेल’ नावाचा पब वेगळा.

कंपनीच्या हॉटेलांची सुरुवात लंडनला यूस्टन स्टेशनपाशी १८३९ मध्ये झाली. मग १८५४ मध्ये पॅडिंग्टनचं आलं, १८७३ मध्ये सेंट पँक्रसचं मिडलंड ग्रँड. पैसा रेल्वेच्या भागधारकांचा, नोकरवर्ग कंपनीचा. मोठं टर्मिनस, बंदर किंवा जंक्शन असेल तिथेच हा खर्च परवडे. खेड्यात असं हॉटेल क्वचितच, आणि निघालंच तर ते हवापालटाला आलेल्या पैसेवाल्यांसाठी. गंमत अशी की त्याच्या नावात ‘रेल्वे’ असायचीच असं नाही. डेव्हनमध्ये मॉर्टनहॅम्पस्टेडजवळ १९०७ मध्ये बांधलेला एक बडा वाडा ग्रेट वेस्टर्न रेल्वेने घेतला आणि गोल्फच्या मैदानासकट त्याचं मॅनर हाउस हॉटेल केलं. तिथली प्रवासी गाडी १९५९ मध्ये बंद झाली; हॉटेल मात्र १९८० च्या दशकापर्यंत रेल्वेकडेच होतं. आज त्याला बोव्ही कॅसल म्हणतात.

पबचं गणित निराळं. चढ टाळण्यासाठी रूळ बऱ्याचदा गावाबाहेरून जात आणि स्टेशन चर्चपासून मैलभर दूर पडे. त्या मोकळ्या जागी ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवणारी कंपनी, प्लॉट धरी आणि पब बांधून चालकाला भाड्याने देई. अट एकच, बिअर आमचीच विकायची. वरच्या मजल्यावर चार-पाच खोल्या, मागे घोड्यांचा तबेला, एवढ्यावर ‘हॉटेल’ ही पाटी लागे. खोल्या फिरत्या विक्रेत्यांसाठी, गल्ला मात्र खाली बारवर. आपल्याकडेही हॉटेलात माणूस मिसळ खायला जातो, झोपायला नव्हे. त्यामुळे मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये.

प्रवाशाचा एक कायदेशीर फायदाही होता. १८७४ च्या परवाना कायद्यानुसार बंद वेळेतही ‘खऱ्या प्रवाशाला’ दारू देता येई. खरा प्रवासी म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम किमान ३ मैल लांब असलेला माणूस. रविवारी गाडीने एक-दोन स्टेशनं पुढे गेलं की तहानलेला गावकरी आपोआप प्रवासी ठरे.

लंडनच्या एजवेअर भागातलं रेल्वे हॉटेल या दुसऱ्या, म्हणजे ब्रुअरीच्या पबच्या प्रकारातलं. ट्रुमन ब्रुअरीसाठी ए. ई. स्यूएल यांनी १९३१ मध्ये ते बांधलं, तेही सोळाव्या शतकातल्या ट्यूडर घरांच्या धाटणीत. म्हणजे जुनं दिसतं म्हणून रेल्वेइतकं जुनं असेल, हेही धरून चालू नये. ज्या जुन्या स्टेशनजवळ ते उभं होतं, तिथली प्रवासी गाडी १९३९ मध्येच थांबली.

मालक शोधायचा तर पाटी, स्थानिक आख्यायिका आणि घरविक्रीची जाहिरात बाजूला ठेवा. लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी अभिलेखागारात, १९१० च्या वित्त कायद्याखाली झालेल्या मूल्यांकनाची दप्तरं आहेत. आधी त्या मूल्यांकनाच्या नकाशावर मिळकतीचा क्रमांक काढायचा, मग ‘आयआर ५८’ या मालिकेतली त्या क्रमांकाची नोंद उघडायची. मालक आणि कब्जेदार तिथे वेगवेगळे लिहिलेले असतात. बऱ्याचदा खोल्यांची माहितीही असते. क्रमांक न काढता थेट वह्या चाळायला बसलात तर दिवस फुकट जातो. पोर्ट्समथ-साउथॅम्प्टन भागातली बरीच दप्तरं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत गेली. तिथे जिल्हा अभिलेखागारातल्या परवाना नोंदवह्या पाहाव्या लागतात.

घोटाळा होतो तो मालकाच्या रकान्यात. तिथे एखाद्या जमीनदाराचं नाव दिसलं म्हणून ब्रुअरीचा संबंध नव्हता असं होत नाही. जागा त्याची आणि लांब मुदतीचा भाडेपट्टा ब्रुअरीचा, अशीही व्यवस्था असे. रेल्वेचं नाव दिसलं तरी तेच: कंपनी मोकळी जमीन भाड्याने देई आणि त्यावर धंदा दुसऱ्याचा चाले. म्हणून पट्ट्याचा कागद हाती येईपर्यंत ‘कंपनीचं हॉटेल’ असं लिहू नये. जनगणनेत चालकाने स्वतःचा व्यवसाय ‘परवानाधारक दारूविक्रेता’ लिहिला असेल, तर बहुधा पबच.