शेळीसंगोपनाच्या पद्धती

शेळी दिवसातला किती वेळ रानात चरते आणि किती चारा गव्हाणीत खाते, यावरून संगोपनाच्या मुक्त, अर्धबंदिस्त व बंदिस्त अशा तीन पद्धती मानतात. धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यातली उस्मानाबादी शेळी पिढ्यान्‌पिढ्या मोकळीच चरत आली आहे. बंदिस्त पालन त्यामानाने अलीकडचे.

शेळीला गवतापेक्षा पाला प्रिय. मागच्या पायांवर उभी राहून ती बोरी-बाभळीचे शेंडे ओरबाडते. उंचावरचे खाल्ल्याने जंतही कमी होतात, कारण जंतांच्या अळ्या जमिनीलगतच्या ओल्या गवतावर असतात. पावसाळ्यात रान हिरवेगार दिसते, पण जंतांचा खरा मोसम तोच. रक्तपित्या गोलकृमींनी पछाडलेल्या शेळीची पापणी उलटून पाहिली तर आतून पांढरीफटक दिसते, पुढे जबड्याखाली पाणी उतरते. उन्हाळ्यात अडचण वेगळी: पाला संपतो, वणवण वाढते आणि करडांची वाढ खुंटते.

बंदिस्त गोठ्यात चारा-खुराक वेळेवर मिळाला तर करडांचे वजन झपाट्याने वाढते. ही वाढ खुराकाची असते, कुंपणाची नव्हे. नुसत्या कडब्यावर कोंडलेली शेळी रानातल्या शेळीपेक्षाही खंगते. गोठ्यात रोग नाहीसे होतात हा समजही फसवा आहे. जंत कमी होतात, पण दाटी झाली की जमीन ओली राहून करडांना रक्ती हगवण लागते. मुताच्या उग्र वासाने, म्हणजे अमोनियाने, फुफ्फुसदाह बळावतो. धान्य जास्त झाले तर बोकडांना मूतखडा होतो. खुरांचेही तसेच: रानात दगडगोट्यांवर ते आपोआप झिजतात, गोठ्यात वाढून पुढे वळतात आणि वेळेवर छाटले नाहीत तर जनावर लंगडते. मोठ्या शेळीला छपराखाली किमान 10 चौरस फूट आणि बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा लागते.

आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग, मात्र कोणत्याही पद्धतीत गाठतो. पहिल्या पावसानंतरचे लुसलुशीत गवत किंवा एकाएकी वाढवलेला खुराक त्याला निमित्त होतो, आणि बहुधा कळपातले सर्वांत धष्टपुष्ट करडूच आधी दगावते. म्हणून याची लस पावसाळ्यापूर्वी टोचतात.

अर्धबंदिस्त पद्धतीत दिवसा काही तास चराई, संध्याकाळी शेवरी, सुबाभूळ किंवा हादग्याचा पाला आणि थोडा खुराक असतो. लहान शेतकऱ्याला हीच पद्धत झेपते. उस्मानाबादी शेळी अनेकदा जुळी देते. गाभणकाळाच्या शेवटच्या दीड महिन्यात हा खुराक मिळाला तर दोन्ही करडांना पुरेल इतके दूध उतरते.