मागच्या दारावरची मोठी स्टेपनी: पार्श्वभूमी

महिंद्रा थारचे चारही टायर बदलून तेहतीस इंची घातले की पाचव्याचं, म्हणजे मागच्या दारावर टांगलेल्या जादा चाकाचं, काय, या एका प्रश्नावर गेली पाच-सहा वर्षं रतीब घातल्यासारखे वाद चालू आहेत. वादाचा मोठा भाग टायरबद्दल असतो. प्रत्यक्षात दुखणं बिजागरीचं आहे, आणि निम्मा गोंधळ एका शब्दाचा.

तो शब्द म्हणजे ‘स्टेपनी’. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. 1904 साली तिथल्या दोन भावांनी एक जुगाड विकायला काढलं. त्या काळी मोटारींची चाकं लाकडी आऱ्यांची असत आणि आसावरून सहज निघत नसत. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून टायर उपसायचा, आतली ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं. या भावांनी आरे नसलेली एक कडी बनवली, तिच्यावर हवा भरलेला टायर आधीच चढवलेला. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही. ही कडी त्याच्या रिमला बाजूने चिमट्यांनी आवळायची आणि निघायचं. थोडक्यात, मूळची स्टेपनी हे चाक नव्हतं, चाकाला लावलेली कुबडी होती. पण गाडी तिरकी होऊ नये म्हणून तिचा व्यास मूळ चाकाएवढाच लागे. पुढे थोड्याच वर्षांत सुटी होणारी चाकं सर्रास झाली आणि ही कडी इतिहासजमा झाली. नाव मात्र आपल्याकडे चिकटलं ते कायमचं. ब्राझीलमध्येही जादा चाकाला याच शब्दाचा अपभ्रंश चालतो. खुद्द इंग्लंडात आज स्टेपनी म्हटलं तर समोरच्याला लंडनमधला एक भाग आठवेल.

आपल्याकडे हा शब्द इतका पसरट झाला आहे की ‘मोठी स्टेपनी’ म्हणणारी तीन माणसं तीन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. हॅचबॅक विकून थार घेतलेल्याच्या मनात असतं पूर्ण आकाराचं चाक, कारण जुन्या गाडीत त्याला ताशी 80 किलोमीटरची मर्यादा छापलेलं बारकं चाक मिळालेलं असतं. गॅरेजवाल्याच्या लेखी मोठी म्हणजे चार मोठ्या टायरांच्या जोडीचं पाचवं. तिसरा गट थोडा, पण आवाजी आहे: चार टायर कंपनीचेच, फक्त मागे टांगलेला मोठा, दिसायला बरा म्हणून. या तिसऱ्या गटाबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. टांगलेलं चाक कधीतरी खाली लावावं लागतं, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

पुढचं सगळं दुसऱ्या, म्हणजे गॅरेजवाल्याच्या अर्थाबद्दल आहे.

मागच्या पिढ्यांचा हिशोब भराभर उरकता येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मागे दार नव्हतंच. स्टेपनी मागच्या पत्र्याला थेट बोल्टने आवळलेली, शेजारी पेट्रोलचा कॅन, आणि सैनिक बाजूने उडी मारून आत. 1945 मध्ये तीच जीप शेतकऱ्याला विकायची ठरली तेव्हा मागून सामान चढवायला खाली पडणारा फाळका द्यावा लागला, आणि त्या फाळक्यासाठी स्टेपनीला मागची जागा सोडून गाडीच्या कडेला जावं लागलं. म्हणजे दार हवं की स्टेपनी, हा झगडा पहिल्याच नागरी जीपपासूनचा आहे. लँड रोव्हरवाल्यांनी त्यावर बॉनेटचा उपाय काढला. तो आफ्रिकेच्या वाळवंटात शोभून दिसला. रोज तेल-पाणी बघणाऱ्याच्या कमरेला विचारा. आपल्याकडच्या जुन्या जीपांवरही स्टेपनी कडेलाच असायची, चालत्या जीपला लोंबकळणाऱ्यांच्या पायाला आधार म्हणून जास्त उपयोगी.

बाजूला उघडणारं दार आणि त्याच्यावरच स्टेपनी, ही मांडणी आपल्या रस्त्यावर ओळखीची केली ती 1985 च्या जिप्सीने. अमेरिकेत 1987 च्या मॉडेलपासून जीप रँग्लरने तीच घेतली. दोन्हींत टायर बारीक होते. पुढच्या काळातल्या जिप्सीच्या 205/70 आर15 चा व्यास जेमतेम 67 सेंटिमीटर. एवढं चाक दाराला टांगलं तर दाराला कळतही नाही. (जिप्सीवाले हे वाचून चिडतील. त्यांचीही दारं खडखडतात, पण त्याला इतर कारणं पुरेशी आहेत.)

खरी चढाओढ 2003 नंतरची. त्या वर्षी आलेल्या पहिल्या रूबिकॉनचा, म्हणजे रँग्लरच्या खडतर वाटांसाठीच्या प्रकाराचा, टायर होता 245/75 आर16, म्हणजे साधारण 31 इंच. नेमका हाच आकार सतरा वर्षांनी आपल्या थारच्या खालच्या प्रकारात आला. पुढच्या पिढीत रूबिकॉन 32 वर गेली, 2018 च्या पिढीत 33 वर, आणि 2021 मध्ये कारखान्यातूनच 35 इंचांचं पॅकेज मिळू लागलं. या शेवटच्या पायरीकडे नीट बघायला हवं. त्या पॅकेजमध्ये केवळ टायर मोठे नव्हते. दाराच्या बिजागऱ्या मजबूत केल्या होत्या आणि स्टेपनीचा धारकही नवा होता. कंपनीने स्वतःच मान्य केलं की 33 चं दार 35 ला पुरत नाही. त्याआधीची दहाएक वर्षं हौशी लोक ओरडून हेच सांगत होते: धारकाच्या बोल्टांभोवतीचा पत्रा चिरतो, दार खाली बसतं, कुलूप जुळत नाही. त्यांना ‘गाडी मूळ स्थितीत ठेवा’ एवढंच उत्तर मिळे.

दाराला नेमकं काय होतं? दार बंद असताना ओझं बिजागऱ्या आणि कुलूप मिळून पेलतात. उघडलं की सगळं बिजागऱ्यांवर. समजा चाक 40 किलोचं आहे आणि त्याचं केंद्र बिजागरीपासून 60 सेंटिमीटरवर: 24 किलो-मीटरचा पीळ, तोही गाडी उभी असताना. दगडाळ उतारावर चाक खड्ड्यात आदळलं की क्षणभर हे ओझं दुप्पट-तिप्पट होतं. शिवाय मोठा टायर नुसता उंच नसतो, रुंदही असतो. त्याचं केंद्र दारापासून आणखी मागे सरकतं. ऑफसेट बदललेलं, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला सरकवणारं रिम असेल तर आणखी. दाराला स्टेपनी टेकावी म्हणून रबराचे जे गुटके असतात ते मूळ टायरच्या मापाने बसवलेले. नवा टायर त्यांच्यावर नीट दाबून बसला नाही तर दर धक्क्याला चाक झुलतं, आणि पत्रा चिरतो तो बहुतेकदा वजनापेक्षा या झुलण्याने. बंपरला खालून टायर घासतो म्हणून धारक वर उचलायचा, तर काच झाकते. रँग्लरचा तिसरा ब्रेक दिवा स्टेपनीच्या वर दांडीवर असतो, तोही मोठ्या टायरमागे दडतो. मग दिव्याला लांब पट्टी, कॅमेऱ्याला लांब वायर. एक टायर बदलल्याने पाच कामं निघतात ती अशी.

यावरचा दुसरा रस्ता म्हणजे दाराला मोकळं करून स्टेपनी चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला धरलेल्या पोलादी मागच्या बंपरवरच्या झुलत्या हातावर टांगायची. परदेशात हा जुनाच तोडगा आहे. आपल्याकडे मात्र तो कायद्याच्या काठावर उभा आहे, आणि इथेच 2019 चा न्यायालयीन निर्णय मध्ये येतो. त्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात ठरलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल करता येणार नाही. त्याआधी, डिसेंबर 2017 मध्ये, बुलबारवर, म्हणजे गाडीच्या तोंडाशी लावायच्या पोलादी दांड्यांवर, केंद्राचा बडगा आलाच होता. तेव्हापासून दोन तट आहेत. एक म्हणतो, टायरचा आकार हाच मूळ तपशील, तेव्हा चार मोठे टायर असोत की पाचवा, सगळंच बाद. दुसरा म्हणतो, निकालाचा रोख गाडीचा सांगाडा बदलण्यावर होता. स्टेपनी रस्त्याला टेकतसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर दाराशी उभा राहतो तेव्हा पहिली बाजूच कामाला येते, आणि वेल्डिंग केलेला बंपर त्याला टायरच्या आधी दिसतो.

त्यात 2020 ने आणखी एक गंमत केली. जुलैमध्ये नियम दुरुस्त झाले: साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी सक्तीची नाही. कागदावर स्टेपनी ऐच्छिक झाली, आणि पुढच्याच महिन्यात नव्या थारवरचा पडदा उठला, मागच्या दारावर भलंथोरलं चाक मिरवत. शहरी गाडीला तो नियम योग्यच आहे. पण सह्याद्रीत टायर जातो तो खिळ्याने कमी आणि दगडाच्या धारेने बाजूची भिंत फाटून जास्त. तिथे डिंकाची बाटली काही करू शकत नाही.

मग जुनी 31 ची स्टेपनी तशीच राहू द्यावी का? काटकसरी लोक हेच करतात, आणि डांबरावर हळू जाऊन जवळचं गाव गाठण्यापुरतं ते चालतं. हिशोब एवढाच लक्षात ठेवायचा: ताशी 60 च्या वेगाला साडेतीस इंची चाक (31 म्हणतात त्याचं खरं माप) मिनिटाला सुमारे 411 फेरे घेतं, तेहतीस इंची सुमारे 380. एकाच आसावर हे दोघं असले तर मधला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, सरळ रस्त्यावरही वळणावर असल्यासारखा राबत राहतो. फोर-बाय-फोर लावलं, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद दिली, तर पुढच्या-मागच्या आसांत ताण साचतो, तो कोरड्या रस्त्यावर सुटत नाही. आणि ज्या घळीत टायर फाटला तिथून बाहेर यायला फोर-बाय-फोरच लागतं. म्हणजे लहान स्टेपनी नेमकी नडीच्या जागी कमी पडते. पाचवा टायर चौघांच्या मापाचा हवा, असं मला वाटतं ते या एका कारणासाठी. लानेलीच्या त्या कडीलाही हीच अट होती.

सध्या तडजोडी चालतात त्या अशा. 255/65 आर18 वाल्या थारमध्ये मूळ व्यासच 31 च्या वर आहे, म्हणून एक पायरी चढणारे सहसा धारकाला स्पेसर (चाक मागे सरकवणारी चकती) आणि जाड गुटके लावून दारावरच भागवतात. त्यापुढे जाणारे बिजागरीला आतून जाड पत्र्याची पट्टी मारून घेतात. काहीजण मोठं चाक मागची सीट काढून आत आडवं बांधतात. दोन माणसांच्या सहलीला हे सगळ्यात निर्धोक, चौघांना अशक्य. तिकडे परदेशात आता 37 इंची चाक दारावर घेऊनच कारखान्याबाहेर पडणारी फोर्डची ब्रॉन्को आहे. पण तिचं दार आराखड्यातच त्या मापासाठी आखलेलं होतं. आपल्याकडे ते माप अजून गॅरेजवालाच ठरवतो, दार उघडून, हाताने वर-खाली हलवून.