निनावी की टोपणनावी: उत्तर कोणाला द्यायचं?

नवी मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांच्या टेलिग्राम ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच: खरं नाव न लावणाऱ्याला उत्तर का द्यायचं? वाद घालणारे बहुतेकदा दोन निराळ्या माणसांना एकाच रांगेत उभं करतात.

टोपणनावी माणसाला नाव असतं, फक्त ते आधार कार्डावरचं नसतं. माणिक गोडघाटे 'ग्रेस' म्हणून लिहीत, म्हणून त्यांना कोणी निनावी म्हटलं नाही. आमच्याकडे एक 'पामबीचवाला' आहे. आधी त्याने सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचा फ्लॅट नावावर करण्याबद्दल विचारलं, मग सोसायटीच्या एनओसीबद्दल, मग वडील गेल्यावरच्या वारस नोंदीबद्दल. मागचे मेसेज चाळले की गाडी कुठे अडलीये ते कळतं. "मृत्युपत्र आहे का? नॉमिनी तुम्हीच, की भाऊ?" असं उलट विचारता येतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे त्याला दोनदा सांगावं लागलं, पण सांगता आलं. उत्तर चुकलं तर दुरुस्तीही त्याच्यापर्यंत पोचते. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही आणि त्यावाचून काही अडलेलं नाही.

निनावी म्हणजे आजच उघडलेलं अकाउंट, नावाच्या जागी टिंब, डीपी कोरा. उत्तर मिळालं की अकाउंट डिलीट. पण म्हणून "आधी नाव सांगा, मग बोलू" हा हट्ट मला पटत नाही. डिपॉझिट अडकलेल्या भाडेकरूचा घरमालक त्याच ग्रुपवर असतो. मग भाडेकरू नाव कसं लावणार? सरकारसुद्धा इतकं खोदून विचारत नाही. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 6(2) प्रमाणे अर्जदाराला कारण द्यावं लागत नाही, संपर्कापुरता तपशील पुरतो. केंद्रीय दक्षता आयोग निनावी आणि टोपणनावी दोन्ही तक्रारींवर कारवाई करत नाही, हे काही जण तोंडावर फेकतात. अहो, ती तक्रार असते. तिच्यात तिसऱ्यावर आरोप असतो. प्रश्नात तसं काही नसतं.

तेव्हा निनावी माणसाचा प्रश्न तेवढा बघायचा. वारस नोंदीला कुठली कागदपत्रं लागतात, याची यादी कोणीही विचारली तरी साधारण तीच. खुशाल द्यावी, गुपचूप वाचणाऱ्यांचंही भलं होतं. "आईची बीपीची गोळी अर्धी करू का?" याचं उत्तर आई कोण, वय काय, आणखी काय चालू आहे यावर ठरतं, तिथे डॉक्टरकडे पाठवायचं. "बी विंगमधल्या मॅडम एकट्याच राहतात का?" याला उत्तर नाही. पामबीचवाल्याने विचारलं तरी नाही.

रात्री उशिरा कोणी "आता जगण्यात अर्थ नाही" असं लिहिलं, तर मात्र नावगाव काढत बसू नये. लगेच बोलतं करावं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्यावा. तो चोवीस तास चालू असतो.

टोपणनावाची एक गोची उरतेच: मागचा माणूस बदलू शकतो. वारस नोंदीत अडकलेला गृहस्थ अचानक "पैसे दुप्पट, पर्सनलवर या" म्हणू लागला, तर अकाउंट दुसऱ्याच्या हातात गेलंय असं धरून अ‍ॅडमिनला कळवायचं. तिथे त्याचे जुने मेसेज जामीन राहत नाहीत.